शिळं पाणी आणि पाच मुलं

जुळे सोलापुरात नळ आला की पहिल्यांदा ऐकू येतं ते पाणी ओतल्याचं. चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं आणि बॅरलमध्ये उरलेलं 'शिळं' पाणी अंगणात, गटारीत जातं. उजनी धरणातून शंभरावर किलोमीटर आलेलं पाणी! मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि तीस वर्षं हेच केलं. यात काही प्रश्न आहे हे मला दाखवलं आठवीतल्या पाच मुलांनी.

शाळेच्या एका स्पर्धेसाठी ती माझ्या अंगणात जमायची. विषय त्यांनीच निवडला होता. वह्या घेऊन ती घरोघरी गेली. ''काकू, तुम्ही किती पाणी ओतून देता?'' सगळीकडे एकच उत्तर, ''आम्ही नाही बाबा ओतत.'' दोन संध्याकाळी वाया गेल्या. एक मुलगा वैतागून म्हणाला, ''सगळे खोटं बोलतात बे.'' त्यावर गटातली सगळ्यात अबोल मुलगी म्हणाली, ''खोटं नाही, लाज वाटते त्यांना. आपला प्रश्नच चुकलाय.'' मग प्रश्न बदलला: ''नळ आल्यावर पहिली बादली कुठं जाते?'' आता बायका मोकळ्या झाल्या. पायऱ्या धुतो, झाडांना घालतो, गाडी धुतो, उरलं तर गटारीत. ती मुलगी घरी तेलुगू बोलायची, दुसऱ्या एकाच्या घरी कानडी. दारातल्या आज्या मराठीत दोन वाक्यं बोलायच्या, त्यांच्या भाषेत विचारलं की अर्धा तास. एकट्या हुशार मुलाला हे सोलापूर इतकं उघडलं नसतं. मला गट हवा वाटतो तो यासाठी.

उपाय शोधायची वेळ आली तेव्हा माझी फार ओढाताण झाली. साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन मोजा, हे उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि शेंगा भाजायला घेतल्या. परत आले तेव्हा किराणा दुकानदाराचा मुलगा सांगत होता, ''आमच्याकडं जुना माल पुढं, नवा मागं.'' त्यांनी ठरवलं होतं, दोन बॅरल ठेवायचे, त्यावर खडूनं पाणी भरल्याची तारीख लिहायची, जुन्या तारखेचा आधी संपवायचा आणि रिकामा झाला की घासून मगच भरायचा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. पाणी न ओतता तोही पाळला जाणार होता. माझ्या उत्तरापेक्षा हे कितीतरी सरस होतं.

स्पर्धेच्या प्रदर्शनात त्यांच्या शेजारी एका मुलाची सेन्सरची टाकी होती, दिवे लागायचे, मोटर आपोआप बंद व्हायची. ''सेन्सर इथंच का बसवलास?'' मी त्या मुलाला विचारलं. त्यानं वडिलांकडं पाहिलं. बक्षीस त्या टाकीला मिळालं. त्या मुलाचा काही दोष नव्हता. त्याच्याच प्रकल्पातून त्याला बाहेर ठेवलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मुलांना असं बाहेर न ठेवणाऱ्या स्पर्धाही आहेत. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये सॅम्युअल मिक्लस या प्राध्यापकांनी 1978 मध्ये 28 शाळांना घेऊन 'ओडिसी ऑफ द माइंड' ही स्पर्धा सुरू केली. सातपर्यंत मुलांचा गट असतो आणि बाहेरच्या माणसाची मदत चालत नाही. कल्पना मुलांची, करवत चालवणारे हातही मुलांचे. शिवाय एक प्रश्न ऐनवेळी खोलीत दिला जातो, तिथं आईवडील नसतातच. आपल्याकडं 1993 पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद आहे. दहा ते सतरा वर्षांची मुलं आपल्या गावातला प्रश्न घेतात, अभ्यासाची रोजची नोंद ठेवतात आणि आपल्या भाषेत मांडतात. परिषदेची ही रीत मला मनापासून पटते. मात्र पूर्वी पाचपर्यंत मुलांचा असणारा गट पुढं दोघांवर आला, ते पटत नाही. दोघांत बहुधा एकच बोलतो. आमची अबोल मुलगी अशा जोडीत निवडली गेली असती, असं मला वाटत नाही.

म्हणून माझी शाळांना कळकळीची विनंती आहे. पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आहेच. त्यातला महिन्याचा एक शनिवार घ्या. प्रश्न सकाळी वर्गातच सांगा, पाच-पाच मुलांचे गट करा, सामान शाळेच्या अडगळीतलं द्या: खोके, सुतळी, पॉवरलूमच्या रिकाम्या कांड्या. पालकांना फाटकाबाहेर थांबवा. परीक्षकांनी मॉडेल पाहण्याआधी वही उघडावी आणि खोडलेल्या ओळी वाचाव्यात. आमच्या मुलांच्या वहीत पहिला प्रश्न आडव्या रेघेनं खोडलेला होता आणि खाली दुसऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'असं विचारलं तर काकू दार लावतात.'