व्यवसाय : घरकाम

सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर नाव, वय, लिंग, पत्ता यांच्या शेजारी ‘व्यवसाय’ असा एक छोटा रकाना असतो. पुरुष रुग्ण असेल तर तिथे शेती, मजुरी, ड्रायव्हर असे काहीतरी लिहिले जाते. बाई असेल तर बहुतेक वेळा न विचारताच ‘घरकाम’ लिहून होते. ती आदल्या दिवशी कापूस वेचून आलेली असो, विड्या वळणारी असो की वीटभट्टीवर पाट्या वाहणारी, नोंद घरकामाचीच. खिडकीसमोर रांग मोठी असते, लिहिणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. पण त्या एका शब्दाने पुढच्या खोलीत बसलेल्या डॉक्टरच्या मनातून एक महत्त्वाचा प्रश्न परस्पर निघून जातो.

तो प्रश्न आहे, ‘तुम्ही काम काय करता?’ रुग्णाला हे विचारलेच पाहिजे असे इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली लिहून ठेवले. कामगारांच्या आजारांवरचा त्यांचा ग्रंथ या विषयाचा पाया मानला जातो. त्यात खाणकामगार आणि कुंभार आहेत, तशाच सुईणी, दाया आणि कपडे धुणाऱ्या बायकाही आहेत. तीनशे वर्षांपूर्वीच्या वैद्याला बाईचे काम हे काम वाटले होते, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

नंतरच्या काळात कामाच्या जागेची शास्त्रीय मापे ठरली आणि ती ठरवताना समोर उभा होता पुरुष. किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे हिशेब मांडताना वापरला गेलेला ‘प्रमाण मनुष्य’ हा सत्तर किलो वजनाचा तरुण पुरुष होता. कार्यालयातल्या वातानुकूलनाची मानकेही साधारण तशाच पुरुषाच्या शरीरात निर्माण होणाऱ्या उष्णतेवरून आली. त्यामुळे शेजारच्या टेबलावरची सहकारी ओढणी गुंडाळून बसते, यात तिचा नाजूकपणा शोधू नये. करोनाच्या साथीत आमच्या परिचारिकांना मिळालेले संरक्षक पोशाख अनेकींना ढगळ व्हायचे. कार्यालयात गारठण्यावर निभावते. मास्क चेहऱ्यावर नीट बसला नाही तर निभावत नाही.

तरीही सगळा फरक शरीराचा आहे असे मानणे चूक ठरेल. एकाच ठिकाणी एकाच मजुरीवर काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या वाट्याला प्रत्यक्षात वेगवेगळी कामे येतात, आणि ती संपल्यावर घरी काय वाट पाहत असते तेही वेगळे असते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. म्हणजे पाच तास आणि दीड तास. त्यात रक्तक्षयाची भर घाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयाचे आढळले. कमी हिमोग्लोबिनवर तेच ओझे उचलायचे, आणि ते उतरवल्यावर चूल पेटवायची. ‘अशक्तपणा वाटतो’ या तक्रारीवर लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी देताना एवढा हिशेब डॉक्टरच्या मनात असायला हवा.

या सगळ्या गोष्टी एकत्र कशा येतात ते पाहायचे असेल तर उसाच्या फडात जावे लागते.

दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिव, अहिल्यानगर, जालना या भागांतून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मजूर नवरा-बायकोच्या जोडीने घेतला जातो. या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसे, एक कोयता, एक हिशेब. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते आणि ती हंगामभर फेडायची असते. पहाटे अंधारात काम सुरू होते. तोडणे दोघेही करतात, पण पाचट काढणे, मोळ्या बांधणे आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन, फळीवर तोल सांभाळत, ट्रक-ट्रॉलीत चढवणे हे काम बाईच्या अंगावर मोठ्या प्रमाणात पडते. राहायला कोपी. शौचालय नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाणी लांबून आणायचे. पाळी आली तरी दिवस सुटत नाही, कारण एकाने खाडा केला की अख्खा कोयता थांबतो. मजुरी बुडते आणि वर दंड बसतो.

आता यातले वैद्यकशास्त्र पाहू. स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांब असते, पुरुषाची तिच्या चार-पाच पट. जंतूंना मूत्राशयापर्यंत पोहोचायला स्त्रीच्या शरीरात कमी अंतर कापावे लागते. लघवीला वारंवार जाणे हा यावर निसर्गाने दिलेला धुऊन काढण्याचा उपाय आहे. फडातल्या बाईला आडोसा अंधार पडल्यावरच मिळतो, म्हणून ती दिवसभर पाणीच कमी पिते. लघवी घट्ट होते, साचून राहते, जळजळ सुरू होते. पाळीचे कापड दहा-बारा तास बदलता येत नाही. धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, कंबर धरते. यातल्या बहुतेक तक्रारी तपासणी, काही दिवसांची औषधे, स्वच्छ पाणी आणि थोडी विश्रांती यांनी बऱ्या होण्यासारख्या असतात. औषधे मिळू शकतात. पाणी आणि विश्रांती देणे कोणाच्याच चिठ्ठीत नसते, आणि औषधांनी बरी झालेली बाई त्याच फडात परत गेली की महिन्याभरात तोच त्रास घेऊन येते.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला कोणीतरी सांगतो, ‘पिशवी खराब झाली आहे, काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल.’ बाईची मुले झालेली असतात, नसबंदीही झालेली असते. पाळी कायमची थांबेल, खाडे टळतील, हा हिशेब घरातल्या सगळ्यांना पटतो. तिलाही पटतो. तिच्या परिस्थितीत तो हिशेब बिनचूक आहे, हीच त्यातली भयंकर गोष्ट आहे.

बीडमधल्या या शस्त्रक्रियांच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गाजल्या, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी झालेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशपातळीवर १५ ते ४९ या वयोगटात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्हीकडचे वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, त्यामुळे आकड्याला आकडा लावून तुलना करू नये. पण एवढी दरी केवळ वयाच्या फरकाने पडलेली नाही, हे सांगायला मोठा संख्याशास्त्रज्ञ लागत नाही.

पिशवी काढल्यावर प्रश्न संपतो असेही नाही. तरुण वयात अंडाशयेही काढली तर रजोनिवृत्ती एकदम येते. हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये ठेवली तरी त्यांचे काम लवकर मंदावण्याची शक्यता वाढते. अशा बाईने पोटावरची जखम नीट भरायच्या आत पुन्हा मोळी डोक्यावर घेतली तर काय होणार? पस्तिशीत गुडघे धरून बसलेल्या, घामाने डवरून रात्र जागून काढणाऱ्या बायका आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतात. त्यांच्याही केसपेपरवर ‘घरकाम’च असते.

सरकारने नंतर एक बंधन घातले. बीडमधल्या खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक झाली. त्याने मनमानीला चाप बसला आणि ते चांगलेच झाले. पण परवानगीचा कागद सुरी थांबवतो, जळजळ थांबवत नाही. जी बाई आता शस्त्रक्रियेविना परत पाठवली जाते, तिच्या फडात पाणी कोण पोहोचवणार, हा प्रश्न परवानगीच्या नमुन्यात कुठेच नाही.

उसाच्याच पिकात, पण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत, ऊस तोडणारे प्रामुख्याने पुरुष असतात. तिथल्या ऐन उमेदीच्या तोडणी मजुरांची मूत्रपिंडे निकामी होताना आढळली. ना मधुमेह, ना फारसा रक्तदाब. कारणांचा वाद पूर्ण मिटलेला नसला तरी रणरणत्या उन्हात तासन् तास कष्ट आणि शरीरातले पाणी कमी होणे यांचा त्यात मोठा वाटा असल्याचे आता मानले जाते. त्यावर निकाराग्वातल्या एका साखर कारखान्यात पाणी, ठरावीक विश्रांती आणि सावली अशी व्यवस्था बसवली गेली आणि मूत्रपिंडांना होणारी इजा कमी झाल्याचे दिसले.

मला त्यातले दोन मुद्दे महत्त्वाचे वाटतात. एक, तिथे कामाची रीत बदलली. दुसरा मुद्दा आपल्या उपयोगाचा आहे. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला पुरुष मजुराला जसाच्या तसा लागू पडतो. आपल्या फडातल्या बाईला तो देऊन काहीच होत नाही, कारण तिची अडचण पाणी पिण्याची नाही, नंतर जायचे कुठे ही आहे. पाणी आणि शौचालय या तिच्या बाबतीत एकाच औषधाच्या दोन मात्रा आहेत.

आता पुरुषांविषयी, कारण या विषयावर लिहिताना त्यांना सुखवस्तू ठरवण्याची एक सवय लागली आहे. दगडखाणीतल्या धुळीने फुप्फुसे दगडासारखी झालेले, गटारात गुदमरलेले, परातीवरून पडून मणका मोडलेले रुग्ण बहुतांश पुरुषच असतात. धोक्याची कामे पुरुषाची, ही वाटणीही कोणीतरी केलेलीच आहे. पुरुष उशिरा येतो. सकाळची ओपीडी म्हणजे बुडालेला रोज, म्हणून छातीतली कळ तो तंबाखूच्या चिमटीवर ढकलतो आणि कंबरदुखी दारूवर. मनाचे दुखणे तर सांगतच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद आहे. त्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक पुरुष होते आणि रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा गट एकूण संख्येच्या चौथ्या हिश्शाएवढा होता. उचल घेताना कागदावर अंगठा बहुधा नवऱ्याचाच असतो. त्या अंगठ्याचे ओझे तो एकटा वाहतो आणि बायको मोळीचे. एकाच कर्जाचे हे दोन आजार आहेत, एवढेच.

बायकांसाठी वेगळ्या सवलती मागितल्या की मालक बायकांना कामावरच घेणार नाहीत, असा आक्षेप नेहमी येतो. तो पोकळ नाही. रात्रपाळीला बंदी, अमुक यंत्रावर बंदी अशा ‘संरक्षणा’ने अनेकींची रोजी गेलेली आहे. म्हणून माझे म्हणणे असे की बाईला कामावरून हलवू नका, काम हलके करा. मोळी वीस किलोची झाली तर बाईची मान वाचेल आणि पुरुषाची कंबरही. सिमेंटची गोणी पन्नास किलोची असावी असे कुठल्याही शरीरशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले नाही.

कायदा अगदीच नवखा आहे असेही नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने शौचालये व मुताऱ्या सक्तीच्या केल्या, उचलायच्या वजनाची कमाल मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्यांना दिला, तीसहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघर सांगितले. साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत हे सगळे लागू झाले. फाटकाबाहेर, त्याच कारखान्यासाठी ऊस तोडणाऱ्या बाईला यातले काही लागू झाले नाही. कारण फड म्हणजे कारखाना नव्हे, मजूर मुकादमाचा, आणि मुकादम कोणाचाच नाही.

आमच्या बाजूने करण्यासारखे आहे ते स्वस्त आहे. केसपेपरवर प्रत्येक बाईला ‘दिवसभर काय काम करता?’ एवढे विचारून उत्तर लिहायला मिनिटही लागत नाही. पांढरे जाण्याची किंवा लघवीच्या जळजळीची तक्रार असेल तर औषधाबरोबर कामाच्या जागी शौचालय आहे का, हे नोंदवावे. अशा हजार नोंदी एका तालुक्यातून जमल्या तर त्या आरोग्य विभागाच्या टेबलावरून सहज बाजूला सारता येणार नाहीत. गावातली आशा ताई कोण कोणत्या कारखान्याला गेले हे तोंडपाठ सांगते. ती यादी मजूर जिथे जातात त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला हंगामाआधी मिळाली तर गरोदर बाईची पुढची तपासणी चुकणार नाही.

बाकीचे साखर आयुक्तालय आणि कारखान्यांच्या हातात आहे. टोळ्या कुठे उतरणार हे कारखान्याच्या शेती विभागाला आधीच माहीत असते. ऊस तोडायचा कार्यक्रम तोच आखतो. दरवर्षी गाळपाचा परवाना देताना त्या तळांवर पिण्याचे पाणी, फिरती शौचालये आणि महिन्यातून एकदा आरोग्य तपासणी या अटी घालता येतील. आणि कोयत्याच्या नोंदीत एका नावाऐवजी दोन नावे लिहावीत. बाईचे नाव, तिची मजुरी आणि तिचे हक्काचे सुटीचे दिवस वेगळे असले, तर तिने दोन दिवस विश्रांती घेतली म्हणून अख्ख्या कोयत्याचा खाडा धरता येणार नाही.