टोकाचा डबा



गोदीत जहाज धक्क्याला लागतं तेव्हा मधे रबराचा फेंडर असतो. हजारो टनांचं धूड येतं, फेंडर चेपतो, धक्का वाचतो. मॅट्रिकच्या पुस्तकापेक्षा हे आम्हाला त्या फेंडरनं शिकवलं: टक्करीचा जोर हवेत विरत नाही, कुणाला तरी तो अंगावर घ्यावाच लागतो.

रेल्वेचे इंजिनेरही हेच करतात. डब्याची टोकं, म्हणजे दारं-संडासाकडचा भाग, मुद्दाम अशी करायची की ती आधी चुरगळावी. माणसं बसतात तो भाग मजबूत. युरोपचं मानक सांगतं, सारख्या दोन गाड्या ताशी ३६ किलोमीटरनं भिडल्या तरी बसायची जागा शाबूत राहिली पाहिजे. आपले जुने आयसीएफ डबे एकमेकांवर चढायचे, एकमेकांत घुसायचे. त्यांचं उत्पादन २०१८ मध्ये थांबलं. एलएचबी डब्यांची जोडणी सहसा चढू देत नाही. चांगलंय.

पण डिझाइनवाला धरून चालतो की टोकाची जागा रिकामी असते. अरे, जनरलमध्ये ये की एकदा! संडासाला टेकून बाई पोर घेऊन बसलीय, दारात चौघं लटकलेत. चेपण्यासाठी राखलेल्या जागेतच माणूस कोंबलाय. आणि हा डबा लावतात कुठं? बहुतेक लांबच्या गाड्यांत इंजिनामागं, नाहीतर शेपटाला. गावात गावकुसाबाहेर, गाडीत टोकाला. म्हंजे फेंडर आम्हीच.

२ जून २०२३. ओडिशात बहानगा बाजारला कोरोमंडल एक्सप्रेस सुमारे १२८च्या वेगानं उभ्या मालगाडीवर गेली. ३६च्या हिशेबात हा जोर बारापट. तिथं कुठलाच डबा पुरा पडत नाही, हे कबूल. तिथं सिग्नलच बरोबर पाहिजे होता. २९०हून जास्त माणसं मेली. जनरलच्या तिकिटावर नाव नसतं. ओळख न पटलेली २८ प्रेतं ऑक्टोबरात भुवनेश्वरला सरकारनं जाळली. चार महिने कुणाचीच नव्हती ती.

पुढच्या वर्षी, १७ जूनला, बंगालमध्ये कांचनजंगा एक्सप्रेसला मालगाडीनं मागून ठोकलं. शेपटाला पार्सलचे डबे होते, मोठा मार त्यांनी खाल्ला. तरी माणसं मेलीच, पण पेट्या पुढं करता येतात हे तर दिसलं ना?

जनरल टोकाला ठेवला की प्लॅटफॉर्मवर गर्दी वाटली जाते, असं सांगतात. गर्दी वाटायचीय तर डबे वाढवा. ते गाडीच्या मधे घ्या, टोकाला पार्सल लावा, आणि संडासाशी बसलेल्या त्या बाईला आधी बाकावर जागा द्या.