गोष्ट कोण सांगतंय, हे सातवीतल्या मुलांना विचारा

दुसरं सत्र संपत आलं की सहावी ते आठवीच्या वर्गांत मराठीची उजळणी सुरू होते. फळ्यावर अलंकारांची नावं येतात, वहीत व्याख्या उतरवल्या जातात, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द आणि वाक्प्रचार घोटून घेतले जातात. या सगळ्यात वाचनाला जागा कुठे आहे? मुलांना साहित्यातल्या संज्ञा यायलाच हव्यात. पण त्या कोणत्या आणि कशासाठी, हे आता पालकांनी, शिक्षकांनी आणि पाठ्यपुस्तकं करणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवायला हवं.

1. अलंकार आपण खुणेच्या शब्दांवरून ओळखायला शिकवतो. ‘सम, समान, सारखा, परी’ दिसलं की उपमा. ‘जणू, जणूकाही, गमे, वाटे’ दिसलं की उत्प्रेक्षा. ही युक्ती परीक्षेत हमखास चालते, आणि तिथेच तिचा धोका आहे. कवितेचा अर्थ लागला नाही तरी गुण पडतो. ‘पावसानं गावाकडे पाठ फिरवली’ हे वाक्य दिलं की मूल ‘चेतनगुणोक्ती’ लिहून मोकळं होतं. पाठ फिरवणं ही माणसाची कृती आहे, तीही रुसलेल्या किंवा नातं तोडणाऱ्या माणसाची. असं वाक्य कोणाच्या तोंडी येईल? हवामान खात्याच्या बातमीदाराच्या, की पेरणी करून बसलेल्या शेतकऱ्याच्या? एवढं विचारलं तर त्या अलंकाराचं काम मुलाला दिसतं. नाव त्यानंतर सांगितलं तरी चालेल.

2. सगळ्यात जास्त दुर्लक्ष झालं आहे ते ‘निवेदक’ या संज्ञेकडे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांना त्यातला एखादा तरी प्रसंग ठाऊक असतो. अंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून लहानगा श्याम हट्ट धरतो, आणि आई आपलं वस्त्र पसरून त्यावर त्याला पाय ठेवू देते. वर्गात या प्रसंगावर ठरलेला प्रश्न येतो: ‘आईने श्यामला कोणती शिकवण दिली?’ उत्तर तोंडपाठ असतं, पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप.

पण ही गोष्ट सांगतंय कोण? आश्रमात मित्रांसमोर बसून, रात्रीमागून रात्र आठवणी सांगणारा मोठा श्याम. दगडावर उभा राहून हट्ट करणारा मुलगा आणि पुढे ते सांगणारा माणूस एकच आहे, तरी त्या दोघांना कळतं ते वेगवेगळं. मुलाला फक्त पाय दिसतात; आईनं आपल्यासाठी काय केलं, हे मोठ्याला दिसतं. त्या प्रसंगातला सगळा गहिवर या अंतरातून येतो. शिवाय श्यामच्या मागे लेखक म्हणून साने गुरुजी आहेत. आता हाच प्रसंग आईच्या तोंडून सांगायला लावा. ती तो सांगण्याजोगा तरी मानेल का? एका तासिकेत मुलांना लेखक, निवेदक आणि पात्र यांतला फरक कळतो, तोही व्याख्या न लिहिता.

3. न सांगितलेलं ओळखणं हे वाचनाचं खरं कौशल्य आहे. अपठित उताऱ्याखाली बहुतेक वेळा ज्यांची उत्तरं जशीच्या तशी उचलता येतील असेच प्रश्न असतात. एक नमुना लिहून दाखवतो: ‘बाबा बाजारातून आले. टोपी खुंटीला अडकवली आणि न बोलता पाण्याचा तांब्या उचलला. आईनं चहाचं आधण ठेवलं, पण कांद्याच्या भावाचं विचारलं नाही.’ यावर ‘बाबांनी टोपी कुठे अडकवली?’ असा प्रश्न म्हणजे केवळ शोधाशोध. ‘आईनं भाव का विचारला नाही, आणि हे तुला कोणत्या वाक्यावरून वाटलं?’ हा वाचनाचा प्रश्न. कोणी म्हणेल तिला समजलं होतं, कोणी म्हणेल ती घाबरली होती. दोन्ही उत्तरं चालतील. आधार दाखवता आला पाहिजे. ‘कोणत्या वाक्यावरून?’ हा प्रश्न प्रत्येक धड्याखाली हवा, असा माझा आग्रह आहे.

4. ‘आधी मुलांना वाचता तर येऊ दे,’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या 2022 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम 43 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. पण अडखळत वाचणाऱ्या मुलाला विचार करायला बंदी कशाला? शिक्षकांनी गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवावी आणि निवेदकाचा प्रश्न तोंडी विचारावा. अक्षरांशी झगडणारी मुलं अशा चर्चेत पुष्कळदा पुढे असतात, कारण घरात आणि गावात कोण काय लपवतंय हे त्यांना चांगलं कळतं. अर्थाची गोडी लागली की वाचनाचा सरावही मनापासून होतो.

5. हीच मुलं काही वर्षांत मतदार होणार आहेत. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ अशी बातमी, पाठवणाऱ्याचा पत्ता नसलेला व्हॉट्सॲप संदेश, कर्जाची जाहिरात, ग्रामसभेची नोटीस, सगळीकडे कोणीतरी निवेदक असतो. तो काय सांगतो, काय गाळतो, वस्तुस्थिती कुठे संपते आणि मत कुठे सुरू होतं, हे ज्याला धड्यात शोधता आलं नाही, त्याला फोनवर कसं शोधता येईल?

6. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये ती अभिजात भाषा ठरली. दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. पण सक्तीच्या तासात काय होतं, यावर एवढ्या हिरिरीनं बोलणारे फार थोडे आहेत.

7. शिक्षकांवर आधीच सर्वेक्षणं, निवडणुका आणि ऑनलाइन माहिती भरण्याचं ओझं आहे. म्हणून मागणी संज्ञांची यादी वाढवण्याची नाही, कमी करण्याची आहे. सहावी ते आठवीत निवेदक, पात्र, संघर्ष, सूर, प्रतिमा आणि सूचितार्थ एवढ्याच संज्ञांवर भर द्यावा. अलंकार कवितेत भेटतील तेव्हा भेटू देत. बालभारतीनं धड्यांखालचे स्वाध्याय त्या दिशेनं बदलावेत. आठवीची वार्षिक परीक्षा राज्यात पुन्हा महत्त्वाची झाली आहे. तिच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत आधार मागणारे निदान दोन प्रश्न असावेत, आणि वेगळं पण साधार उत्तर लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत. नाहीतर मुलं गाइडमधलंच उत्तर लिहीत राहतील.

वरून हे बदल येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत पोषण आहार आणि शौचालयांच्या विषयांबरोबर एक विषय लावून घ्या: आठवड्यातली एक तासिका मोठ्यानं वाचून दाखवण्यासाठी आणि त्यावर बोलण्यासाठी राखायची, तिची पुस्तकं शाळेच्या कपाटातून काढायची आणि कपाटाची किल्ली मराठीच्या शिक्षकांकडे द्यायची.