तटाला पांढरी किनार

मंडळी, मालवणहून परतलेल्या प्रत्येकाच्या फोटोत सिंधुदुर्गाच्या तटाला पांढरी किनार कशी हो? १६६४ साली बांधायला घेतलेल्या किल्ल्याला ट्यूबलाइट कोणी लावली? शार्पनिंगचा स्लायडर टोकाला नेला की हेच होतं! हुकलेला फोकस त्याने परत येत नाही. कडेच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला काळोख वाढतो, इतकंच. मग लाटा चुरगळलेल्या चांदीच्या कागदासारख्या आणि आजीचा चेहरा जांभ्याच्या चिऱ्यासारखा खडबडीत. (आजी रागावलीय, बरं का...) आधी आकार ठरवा, मग शार्प करा. छापायचा असेल तर थोडं जास्त चालतं, कागदावर शाई पसरते. पण मूळ फाइलवरच सेव्ह केलंत तर नातवंडांनाही हीच आजी दिसणार! आणि जुलैच्या पावसाआड पुसट झालेला किल्ला तसाच राहू द्या की.