दस्त्याचा हट्टी स्क्रू
आमच्याकडं पीकसंरक्षण परवान्यावरची आजोबांची बारा बोअर आहे. भंडारदऱ्याकडचा पाऊस, दस्ता तडकला, अन् त्याचा स्क्रू गंजून लाकडात रुतला. पोरगं ड्रिल घेऊन आलं. थांबवलं. एकतर १९५९ च्या शस्त्र कायद्यानं बंदूक दुरुस्तीला परवानाधारक कारागीरच लागतो. दुसरं, खाच झिजली की मग काय धरणार?

कारागिरानं आधी नळी रिकामी आहे का बघितली. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत घट्ट बसेल असं घासलं, रात्रभर तेल मुरू दिलं. सकाळी तापलेलं सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं, आधी किंचित आवळला, मगच सोडला. निघाला! फवारणी पंपाच्या स्क्रूलाही माझ्या मते हीच रीत बरी. आपण मात्र हाताला येईल त्या स्क्रूड्रायव्हरनं खाच खातो, अन् शिव्या स्क्रूला.