बिऱ्हाड बदललें, पत्ता राहिला

नव्या जागीं बिऱ्हाड नेलें म्हणजे सुज्ञ गृहस्थ पहिल्या आठवड्यांतच टपालकचेरीस, बँकेस, मुलांच्या शाळेस आणि दूधवाल्यास नवा पत्ता कळवितो. एवढें करूनहि विम्याचा एखादा कागद सहा महिन्यांनीं जुन्या दारीं जाऊन पडतोच. कारण आपला पत्ता आपण समजतों त्याहून अधिक ठिकाणीं लिहिलेला असतो. हल्लीं कचेऱ्यांतून व दवाखान्यांतून इंटरनेटवर चालणारे जे टेलिफोन दिसतात, त्यांची प्रकृतीहि अशीच आहे. आमच्या वाचकांच्या घरांतील कोणी ना कोणी वकिलीची कचेरी, दवाखाना, शिकवणीचा वर्ग किंवा लहानसा कारखाना चालवीत असतें. आणि "इंटरनेट बदललें तेव्हांपासून फोन धड चालत नाहीं" अशी तक्रार या घरांतून वारंवार ऐकूं येते. म्हणून या महिन्यांत या विषयाचा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

विषय क्षुल्लक नाहीं, हें एका उदाहरणावरून दिसेल. पुण्यांतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची रक्ततपासणीची प्रयोगशाळा आहे. थोरले बंधु डॉक्टर. धाकटे व्यवहार पाहतात. आणि धाकट्या वहिनी रसायनशास्त्राच्या पदवीधर असून तपासणीचे निकाल त्यांच्या नजरेखालून जातात. तेथें इंटरनेट पुरविणारी कंपनी बदलली, नवा राउटर आला, आणि बसविणारा तंत्रज्ञ फोनची घंटा वाजलेली ऐकून समाधानानें निघून गेला. त्याच सायंकाळीं एका वृद्ध रुग्णाच्या रक्तांतील पोटॅशियम ६.८ निघालें. हें प्रमाण सामान्यतः ३.५ ते ५ यांच्या दरम्यान असावें, ६.८ म्हणजे हृदयाची गति केव्हां बिघडेल याचा नेम नाहीं. असा निकाल फोनवर सांगतांना ऐकणाराकडून तो आंकडा पुन्हां म्हणवून घ्यावा, अशी प्रयोगशाळांची शिस्त आहे. वहिनींनीं फोन केला, घंटा वाजली, पलीकडे कोणीं तरी उचलला, परंतु शब्द ऐकूं येईना. तीन वेळां तसेंच झालें. रुग्णाच्या घरीं वहिनींचा आवाज स्पष्ट जात होता, तेथील मंडळी मोठ्यानें उत्तरहि देत होती. पण तें उत्तर इकडे पोहोंचत नव्हतें. अखेरीस वहिनींनीं स्वतःच्या मोबाइलवरून निरोप दिला, आणि रुग्णास त्याच रात्रीं रुग्णालयांत नेण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं तंत्रज्ञानें सारा दोष फोनच्या यंत्रांवर ठेवून नवीं यंत्रें घेण्याचा सल्ला दिला. यंत्रें पूर्ण निर्दोष होतीं.

मग दोष कोठें होता? इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास आयपी ॲड्रेस नांवाचा आंकडी पत्ता असतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते एकूण सुमारें ४२९ कोटीच होऊं शकतात. ते सर्वांस पुरणार नाहींत हें ओळखून १९९४ सालीं कांहीं पत्ते केवळ घरांतल्या घरांत वापरण्यासाठीं राखून ठेवण्यांत आले. आपल्या घरच्या यंत्रांचे १९२.१६८ नें सुरू होणारे पत्ते ते हेच. बाहेरच्या जगास ते दिसत नाहींत. वाड्याच्या दाराशीं बसलेल्या कारकुनानें प्रत्येक पत्राच्या लिफाफ्यावर खोलीच्या क्रमांकाऐवजीं वाड्याचा पत्ता घालावा, तसें काम राउटर करतो. साध्या पत्रव्यवहारास एवढें पुरतें.

परंतु टेलिफोनचा व्यवहार निराळा आहे. तो 'सिप' नांवाच्या पद्धतीनें चालतो. ही पद्धति प्रथम १९९९ सालीं ठरली व २००२ सालीं तिला आजचें रूप आलें. यांत फोन लावणें म्हणजे एक निमंत्रणपत्र पाठविणें होय, आणि त्या पत्राच्या आंत "तुमचा आवाज अमुक पत्त्यावर पाठवावा" असें लिहिलेलें असतें. घंटा वाजते ती या पत्रानें. आवाज मात्र नंतर स्वतंत्र वाटेनें, आंत लिहिलेल्या पत्त्यावर जातो. दाराशीं बसलेला कारकून लिफाफा बदलतो, आंतला कागद उघडीत नाहीं. म्हणून टेलिफोनच्या मुख्य यंत्रास, म्हणजे सर्व्हरास, आपला बाहेरचा पत्ता मुद्दाम सांगून ठेवावा लागतो. प्रयोगशाळेंत लिफाफ्यावरचा पत्ता नवा झाला होता, आंतल्या कागदावर जुनाच राहिला होता. रुग्णाच्या घरचें बोलणें त्या जुन्या, सोडून दिलेल्या पत्त्यावर जात होतें. घंटा वाजली म्हणजे फोन चालूं झाला, हा तंत्रज्ञाचा समज किती फसवा होता, तें आतां ध्यानीं येईल.

एवढें समजलें म्हणजे लक्षणांवरून निदान करणें कठीण नाहीं. फोन अगदींच मुके झाले व त्यांवर नोंदणी झाली नसल्याची खूण दिसूं लागली, तर ते सर्व्हरास जुन्या पत्त्यावर शोधीत आहेत असें समजावें. आपसांत बोलणें होतें पण बाहेरचा फोन येतच नाहीं, तर फोनसेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या दप्तरीं आपला जुनाच पत्ता आहे. घंटा वाजते आणि एकाच बाजूचा आवाज जातो, तर आंतल्या कागदावरचा पत्ता चुकला आहे, किंवा आवाजाची वाट राउटरनें अडविली आहे.

आणखी एक लक्षण मोठें विलक्षण आहे. बाहेरून आलेला फोन उत्तम चालतो आणि बरोबर अर्ध्या मिनिटानें तुटतो. पुष्कळ लोक यास तारेचा दोष समजतात. खरी गोष्ट अशी कीं, फोन उचलल्यावर आपला सर्व्हर "उचलला" असें कळवितो, आणि पलीकडून त्याची पोंच यावी लागते. तीहि पोंच जुन्या पत्त्यावर गेली तर आपला सर्व्हर ३२ सेकंद वाट पाहून बोलणें बंद करतो. ३२ हा आंकडा 'सिप'च्या नियमांतूनच आलेला आहे. म्हणून फोन किती वेळानें तुटला हें घड्याळ लावून पाहणें, यासारखें स्वस्त निदान नाहीं.

आतां जुना पत्ता कोठें कोठें दडून बसतो तें सांगतों. प्रत्येक फोनच्या स्वतःच्या मांडणींत. फोन सुरू होतांना आपली मांडणी कोठून आणावी हें सांगणाऱ्या राउटरांतील नोंदींत. सर्व्हराच्या बाहेरच्या पत्त्याच्या नोंदींत. "घरचे पत्ते कोणते" या सर्व्हरांतील यादींत. सेवा देणाऱ्या कंपनीच्या दप्तरीं. आणि फायरवॉल म्हणजे जो पहारेकरी असतो त्याच्या परवानगीच्या यादींत. शेवटची जागा विशेष घातक. घरचेच फोन नव्या पत्त्यावरून वारंवार नोंदणीचा अयशस्वी प्रयत्न करूं लागले, कीं पहारेकरी त्यांना चोर समजून दार लावून घेतो. मग पुढें बाकीचें सर्व दुरुस्त केलें तरी ते आंत येत नाहींत. १९९९ सालीं मार्क स्पेन्सर यांनीं सुरू केलेल्या ॲस्टेरिस्क या प्रणालीवर अनेक लहान कचेऱ्यांचे फोन चालतात. तिच्या नमुन्याच्या मांडणींत आवाजासाठीं १०००० ते २०००० क्रमांकांचीं दारें, म्हणजे पोर्ट, राखलेलीं असतात. नव्या राउटरांतून तीं सर्व्हराकडे वळविलीं आहेत कीं नाहींत, तेंहि पाहावें. कित्येक राउटरांत 'सिप'चा आंतला कागद स्वतः उघडून दुरुस्त करण्याची एक सोय असते. ती पुष्कळदां दुरुस्तीपेक्षां घोटाळाच अधिक करते. सर्व्हरास खरा पत्ता सांगितलेला असेल तर ती बंद ठेवणें बरें.

दुरुस्तीनंतरची परीक्षा क्रमानें घ्यावी. प्रथम एका खोलींतून दुसऱ्या खोलींत फोन करावा. मग बाहेर मोबाइलवर करावा, आणि मग मोबाइलवरून आंत करावा. प्रत्येक वेळीं दोन्हीं बाजूंनीं बोलून पाहावें, आणि निदान एक मिनिटभर बोलावें. त्याचें कारण वर आलेंच आहे. एका वेळीं एकच नोंद बदलावी व ती वहींत लिहावी. चार नोंदी एकदम बदलल्या म्हणजे कोणत्या उपायानें गुण आला तें कळत नाहीं, आणि तोच दोष पुन्हां उद्भवला म्हणजे आरंभापासून सारें करावें लागतें.

पूर्वतयारी मात्र या सर्वांहून श्रेष्ठ. पत्ता बदलण्याचा दिवस सुटीचा निवडावा. वर सांगितलेल्या जागांची यादी आदल्या दिवशींच कागदावर करावी. जेथें शक्य असेल तेथें आंकडी पत्त्याऐवजीं नांव लिहावें, म्हणजे पुढच्या खेपेस एकाच ठिकाणीं बदल केला कीं भागतें. आणि सर्व सुरळीत होईपर्यंत येणारे फोन एखाद्या मोबाइलवर वळवून ठेवावे.

त्या प्रयोगशाळेंत आतां अशी यादी वहिनींच्या हस्ताक्षरांत भिंतीवर लावलेली आहे, आणि तिची एक प्रत घरीं हिशेबाच्या वहींतहि आहे. आमच्या मतें हीच योग्य रीत. एकत्र कुटुंबांत तिजोरीची किल्ली कोठें असते हें एकाहून अधिक माणसांस ठाऊक असतें, तें अविश्वासामुळें नव्हे, तर घर कोणा एकाच्या स्मरणशक्तीवर चालूं नये म्हणून. कचेरीचे पत्तेहि त्याच मोलाचे समजावे. ज्या फोनवर कोणाचा तरी जीव अवलंबून असूं शकतो, त्याची माहिती केवळ येऊन जाणाऱ्या तंत्रज्ञाच्या डोक्यांत राहूं देऊं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.