आधी नोंद वाचा, मग फॉरमॅट करा

घरचा संगणक काम चालू असताना एकाएकी बंद पडतो आणि क्षणार्धात आपला आपण पुन्हा सुरू होतो, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. तंत्रज्ञाचे निदान बहुधा ठरलेले असते : 'व्हायरस आहे, फॉरमॅट करावे लागेल.' या समजुतीस इतिहास आहे. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर'ने विंडोज एक्सपीवरील कित्येक संगणक साठ सेकंदांची उलटी गणती दाखवून पुन्हा सुरू होण्यास भाग पाडले होते. तो काळ सरला, निदान मात्र तेच राहिले.

कारण न शोधता फॉरमॅट करणे म्हणजे, माझ्या मते, हिशेबातील फरक उचंत खात्यात टाकून मोकळे होणे होय. आमच्या एका सहकाऱ्यांच्या घरी तीनदा फॉरमॅट झाले आणि मुलांची जुनी छायाचित्रे त्यात गेली. दोष निघाला तो फ्रिज आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असण्याचा!

वास्तविक विंडोज स्वतःच नोंदवही ठेवते. 'इव्हेंट व्ह्यूअर'मधील 'सिस्टिम' या लॉगमध्ये बिघाडाच्या वेळेची नोंद पाहावी. १०७४ क्रमांक दिसल्यास एखाद्या प्रोग्रॅमने, बहुधा अपडेटने, संगणक रीतसर पुन्हा सुरू केला असे समजावे. तो बिघाडच नव्हे. ४१ क्रमांकाची 'कर्नल-पॉवर' ही नोंद यंत्र रीतसर बंद झाले नव्हते, एवढेच सांगते. तो पंचनामा आहे, निकाल नव्हे. तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' शून्य असेल तर प्रथम विजेकडे पाहावे. शून्य नसेल तर विंडोज कोलमडलेली असते. परंतु तिचा निळा पडदा वाचण्याआधीच नाहीसा होतो. यासाठी 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मधील 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'वरची खूण काढून टाकावी, म्हणजे पडद्यावरील संदेश उतरवून घेता येतो.

विजेची तपासणी स्वस्त आहे. यूपीएसची बॅटरी जुनी झाली की दिवा क्षणभर लुकलुकला तरी ती भार पेलत नाही. संगणक काही दिवस भिंतीवरील सॉकेटला थेट जोडून पाहावा. प्लग काढून पंख्यांवरची धूळ झाडावी. मदरबोर्डावरील कपॅसिटरची डोकी फुगली आहेत का, तेही पाहावे. पॉवर सप्लायची पेटी मात्र घरी उघडू नये, बंद असतानाही तिच्यात धोकादायक विद्युतभार साठलेला असू शकतो. मेमरीसाठी 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवावे आणि दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा गुण कशाने आला ते कळत नाही.

आता ग्राहकांसाठी आवर्जून सांगण्याजोगे. इंटरनेट बँकिंगवर रक्कम पाठवताना यंत्र बंद पडले, म्हणजे व्यवहार थांबला असे नव्हे. आपला आदेश बँकेच्या सर्व्हरपर्यंत पोहोचला असेल, तर पुढील काम तेथे होते, आपल्या टेबलावर नव्हे. संगणक पुन्हा सुरू होताच प्रथम खात्याचा उतारा पाहावा. रक्कम वजा झालेली दिसत असेल तर तोच व्यवहार पुन्हा करू नये. त्याचा संदर्भ क्रमांक घेऊन शाखेशी संपर्क साधावा.